उतरवता येते म्हणून घेतलेली पेटी

"कॅम्पर करून घेतला," असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाव्हण्यांनी विचारलं, "कितीला बसली? पांढरी का चंदेरी?" आमच्या तासगाव भागात कॅम्पर म्हटलं की लोकांना डबल केबिनची बोलेरो कॅम्पर आठवते. म्हणून घरीदारी आम्ही हिला सरळ पेटी म्हणतो. पिकअपच्या हौद्यात बसणारी, आत झोपता येईल अशी, आणि काम झालं की चार पायांवर उभी करून खालून गाडी काढून घेता येईल अशी खोली. दोन पावसाळे आणि दोन द्राक्ष हंगाम ती माझ्याकडं आहे. बघायला माणसं येतात, आत वाकून बघतात, गादीवर बसून बघतात आणि जाताना हमखास विचारतात, "मग, करावी का?" दरवेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी गरज सांगतो, कारण सगळा निकाल तिच्यावर आहे. सव्वातीन एकर बाग, बहुतेक माल बेदाण्याला. दारात एकच पिकअप, दीड टनाची बोलेरो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की तिला उसंत नसते. औषधं, खतं, मजूर संपले की काठ्या-तारा, जानेवारीपासून मालाचे क्रेट, मग बेदाण्याचे पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स कोल्ड स्टोरेजला. एप्रिलची खरड छाटणी उरकली, काडी तयार झाली की जून ते सप्टेंबर गाडी तशी मोकळी. नेमका हाच काळ आपल्याकडं फिरायचा. ठोसेघर, कोयना, कुंभार्ली घाट, खाली गुहागर. म्हणजे चार महिने घर पाहिजे आणि आठ महिने हौदा पाहिजे. कायमचं बसवलेलं घर असलेली गाडी मला चालली नसती, कारण जानेवारीत क्रेट काय गादीवर ठेवणार? मागं ओढायची ट्रेलरवरची खोली म्हणजे वेगळी नोंदणी, आणि बोरणे घाटात ती रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर माझ्या संसाराचं काय होईल ते सांगता येत नाही. तंबू आम्ही दोनदा करून बघितला. सातारच्या पावसात तंबू म्हणजे अंगावर ओलं धोतर घेऊन झोपणं.

कुपवाड एमआयडीसीत ट्रकच्या बॉड्या बांधणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडून करून घेतली. नाव सांगत नाही, कारण पुढं थोड्या तक्रारी आहेत आणि माणूस वाईट नाही. हौदा आतून टेप लावून मोजला, नऊ फूट लांब, साडेपाच फुटांच्या किंचित वर रुंद. ही सपाट हौद्याची गाडी, आत चाकांचे फुगवटे नाहीत, हे फार सोयीचं. हौसेच्या डबल केबिन पिकअपना हौदा पाच फुटांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे. तिथं पेटी खाली अरुंद, वर रुंद करावी लागते आणि झोपायची जागा केबिनच्या टपावर पुढं काढावी लागते. आमच्या पेटीला ते करावं लागलं नाही. आत सव्वासहा फूट लांब, चार फूट रुंद पलंग, खाली सामान, समोर ओटा, मागं दार. माझी उंची पाच फूट आठ इंच, टोपी घालून उभा राहतो.

ठरलं होतं साडेचारशे किलो. मिस्त्रींनी छातीवर हात ठेवून सांगितलेलं, "मालक, पाच किलो इकडं का तिकडं." पेटी ताब्यात घेतल्यावर मी रिकामी गाडी आणि पेटीसकट गाडी अशा दोन पावत्या खासगी भुईकाट्यावर करून घेतल्या. आपण ऊसवाल्यांच्या मुलखातली माणसं, काट्यावर दोनदा वजन केल्याशिवाय झोप लागत नाही. पेटी भरली सहाशे नव्वद किलो. साडेचारशेची सहाशे नव्वद कुठं झाली? सांगाडा दीड इंची लोखंडी चौकोनी पाइपाचा, तो जिथं एक लागतो तिथं मिस्त्रींनी दोन टाकले. "मजबूत पाहिजे का नको?" हा त्यांचा प्रश्न. ऊस भरायची ट्रॉली बांधणाऱ्या हाताला हलकं काम जमत नाही, हे मला आधी कळायला पाहिजे होतं. वर साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, बॅटरी, छोटा सिलिंडर, अंथरूण-पांघरूण, भांडी, बायकोनं 'असू दे' म्हणून घेतलेलं सगळं. निघताना आठशे साठ.

दीड टनाच्या गाडीला आठशे साठ किलो काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. पाट्यांच्या, म्हणजे खालच्या स्प्रिंगांच्या दृष्टीनं खरंच काही नाही. उलट रिकामी पिकअप खड्ड्यावर कशी उधळते माहीत आहे ना, कंबर खिळखिळी करते. पेटी बसवली की तीच गाडी मऊ चालते. बायको म्हणाली, "अहो, ही आपलीच गाडी का?" वजनाचं दुखणं किलोत नाही, उंचीत आहे. बेदाण्याचे बॉक्स भरले तर हजार किलो हौद्याच्या तळाशी बसतात. पेटीचं वजन मात्र डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईसारखं वर असतं. ती बाई चालते छान, पण वळताना आधी थांबते. तसंच चालवावं लागतं. आणि हौशी गाडी असेल तर आधी आरसी बुक काढा, त्यात रिकामं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा. त्या वजाबाकीत तीन माणसं, पाणी आणि पेटी बसत नसेल तर गोष्ट तिथंच संपली.

मिस्त्रींची दुसरी चूक जास्त महागात पडली असती. पाण्याची टाकी त्यांनी दाराशेजारी, म्हणजे सगळ्यात मागं बसवली, नळ काढायला सोपं म्हणून. मागच्या आसाच्याही मागं साठ किलो, त्यावर ओटा, त्यावर सिलिंडर. पहिल्याच फेरीत सज्जनगडाचा फाटा सोडून बोरणे घाट चढताना स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं, जणू पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवतायत. तराजूसारखं आहे ते. मागच्या आसाच्या मागं वजन टाकलं की पुढचं नाक वर उचलतं. ठोसेघरला पोचल्यावर टाकी रिकामी केली, तशीच चालवत आलो आणि घरी आल्यावर टाकी व बॅटरी दोन्ही केबिनच्या पाठीला चिकटवून तळाशी बसवून घेतली. त्यानंतर गाडी वेगळीच झाली. ज्याला कुणाला करून घ्यायची आहे त्यानं जड सामान पुढं आणि खाली, एवढं मिस्त्रीला कागदावर लिहून द्यावं. तोंडी सांगू नये.

आता उतरवण्याविषयी. या सगळ्या प्रकाराचं नाकच ते आहे आणि त्यावरच सगळ्यात जास्त थापा ऐकायला मिळतात. परदेशी व्हिडिओत माणूस एक बटण दाबतो, चार पाय खाली येतात, गाडी अलगद निघून जाते, बायको आत चहा करत असते. तिकडं विजेवरचे जॅक असतात. आमच्या पेटीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतात तसे फिरकीचे जॅक आहेत, चार कोपऱ्यांना चार. एका फेरीला पाय सहा मिलिमीटर सरकतो. पेटीचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर असतो, तो फूटभरावर आणायचा म्हणजे दोन फूट. हिशेब करा. एका पायाला शंभर फेऱ्या, चार पायांना चारशे. चढवताना परत चारशे. तेही एक पाय भराभर फिरवून चालत नाही. पुढची जोडी दोन इंच, मग मागची जोडी दोन इंच, नाक कायम किंचित वर. तिरकं झालं की सगळा भार दोन पायांवर येतो आणि पेटी अशी कण्हते की पोटात गोळा येतो. पहिल्यांदा आम्हाला पावणेदोन तास लागले. आता बॅटरीवरच्या इम्पॅक्ट मशिनला सॉकेट लावून फिरवतो, चाळीस मिनिटांत होतं, दोन माणसं असतील तर. एकट्यानं करू नका. जमतं, पण करू नका.

चढवताना दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच मोकळीक. त्या दीड इंचात पिकअप रिव्हर्स घालायची. बायको मागं उभी, "या, या, या, या, थांबा! थांबा म्हटलं ना!" आणि कडाक्. डावीकडचा मागचा पाय गाडीच्या कोपऱ्यानं घेतला. पाय वाकला, पेटी गदगद हलली, आतली लोणच्याची बरणी फुटली आणि आमच्यात दोन दिवस कामापुरतं बोलणं. तेव्हापासून कोब्यावर ऑइलपेंटनं चाकांच्या दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. त्या रेघेत चाक ठेवलं की कुणी ओरडायची गरज पडत नाही. वाकलेला पाय मिस्त्रींनी गरम करून सरळ केला, पण सरळ केलेला पाय तो सरळ केलेलाच. फिरवताना साठाव्या फेरीला अजून अडतो.

आणि जमीन. आमची काळी रानं, पाऊस झाला की माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो. आठशे किलो चार पायांवर म्हणजे एकेका पायाखाली दोनशे किलो, तेही ताटलीएवढ्या जागेवर. पहिल्या जुलैत बांधाकडेला उतरवली, रात्री पाऊस झाला, सकाळी बघतो तर पेटी पूर्वेला मान टाकून उभी. नशीब, पडली नाही. तेव्हापासून शेडपुढच्या कोब्याशिवाय उतरवत नाही, आणि उतरवली की खाली लोखंडी घोडे, म्हणजे टेकू लावतो. पायांवर नुसती उभी ठेवून आत झोपायला मी कुणाला सांगणार नाही. कूस बदलली तरी झोपाळ्यात असल्यासारखं वाटतं.

यातून एक गोष्ट कळली, जी करून घ्यायच्या आधी कुणी सांगितली नव्हती. जॅकचे पाय गाडीच्या रुंदीच्या बाहेर येतात, नाहीतर मधून गाडी निघणार कशी? ते रस्त्यावर तसेच ठेवता येत नाहीत. काढायचे, एकेक अठरा किलोचा. चारही बरोबर न्यायचे तर बहात्तर किलो आणि पलंगाखालची निम्मी जागा. आम्ही ते घरीच ठेवतो. म्हणजे 'मुक्कामाला पेटी उतरवा आणि मोकळी गाडी घेऊन हिंडा' हे जे तिचं मोठं कौतुक सांगतात, ते आमच्या बाबतीत दोन पावसाळ्यांत एकदाच घडलं. पाटणजवळ मेव्हण्याच्या दारात तीन दिवस राहणार होतो म्हणून पाय बरोबर नेले होते. उतरवली, आणि मोकळ्या गाडीतून आम्ही कोयनानगर बघायला जायच्या ऐवजी मेव्हण्यानं पाटणहून युरियाची पोती आणून घेतली.

रस्त्यावरचा अनुभव चांगला आहे, घाई नसेल तर. हायवेला साठ-पासष्टच्या वर मी जात नाही. शेजारून लक्झरी बस गेली की आधी एक ढकल आणि मग एक ओढ बसते, ती हाताला सवयीची व्हावी लागते. डिझेल मोकळ्या गाडीला लिटरमागं तेरा-साडेतेरा पडतं, पेटीसकट नऊ, घाटात आठ. हौद्यात पेटीखाली गोठ्यातली रबरी मॅट कापून टाकली आहे, म्हशींच्या पायाखाली घालतात तीच. तिच्यामुळं पेटी सरकायची थांबली. चारही बाजूंनी रॅचेटचे पट्टे. हे पट्टे निघाल्यावर वीस किलोमीटरला एकदा थांबून परत आवळायचे, कारण पेटी तोवर हलून जागा धरते आणि पट्टे ढिले पडतात. आमचा तो थांबा ठरलेला आहे, पलूसच्या अलीकडची चहाची टपरी. टपरीवाला आता विचारतो, "आवळायला आला का?"

उंची सगळी मिळून नऊ फूट सात इंच. कागदावर काही वाटत नाही. पण गावातल्या गल्लीत केबलच्या वायरी, गणपतीचे मंडप, लग्नाच्या कमानी आणि आंब्याच्या फांद्या या सगळ्यांची उंची नऊ फूट सहा इंच असते, हा माझा अनुभव आहे. मेढ्याच्या बाजूला एका वाडीत टपावरच्या झरोक्यानं कुणाच्या तरी टीव्हीची वायर ओढून काढली. ऐन मालिकेच्या वेळी. माणसं भली, पण आजीबाईंनी जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. आता डॅशबोर्डवर खडूनं उंची लिहून ठेवली आहे.

चाळकेवाडीची रात्र सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. ठोसेघरच्या पुढं पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्क्या जिथं लावतात तिथं वारा असणार, एवढी साधी अक्कल त्या दिवशी सुचली नाही. संध्याकाळी ढग खाली आलेले, दहा पावलांवरचं दिसेना, एका ओळखीच्याच्या मोकळ्या जागेत विचारून गाडी लावली, ती वाऱ्याला आडवी. रात्री अकराला सुरू झालं. पेटी डावी-उजवी हलते, पाटे कुरकुरतात, आणि एक विचित्र आवाज, पिपाणी आणि भुंगा यांच्या मधला, थांबतच नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, कुणीतरी बाहेर रडतंय." रेनकोट घालून बाहेर आलो. रॅचेटचे ताणलेले सपाट पट्टे वाऱ्यात थरथरत होते आणि गात होते. एकेक पट्टा सोडला, त्याला एक पीळ दिला, परत आवळला. आवाज बंद. मग गाडी सुरू करून नाक वाऱ्याकडं फिरवलं आणि हलायचंही निम्म्यावर आलं. हे दोन उपाय फुकटचे आहेत, लक्षात ठेवा. सकाळी दार उघडलं तर ढगातून पाती एकेक करून खाली येत होती आणि परत वर जात होती, खांब दिसतच नव्हते. बायकोनं चहा केला तो दारात बसून प्यालो. तेवढ्या चहासाठी मागचं सगळं माफ आहे, असं त्या वेळी वाटलं होतं.

आतल्या सोयींचं थोडक्यात. बॅटरी लिथियम, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तास, म्हणजे १२८० वॅट-तास. पंखा, तीन दिवे, मोबाइल यांना दोन-तीन रात्री सहज पुरते. इंडक्शन चालेल का म्हणून विचारतात. दीड हजार वॅटची शेगडी तासाभराच्या आत ती चाटूनपुसून खाईल. टपावर सोलर आहे, पावसाळ्यात ती शोभेची वस्तू. खरं चार्जिंग गाडीच्या डायनामोवरून होतं, त्याची वायर आणि चार्जर आधीच करून घ्या. स्वयंपाक पाच किलोच्या छोटूवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून तळाशी बाहेर उघडणारी जाळीची भोकं पाहिजेतच. मिस्त्रींनी वरती झरोका ठेवला होता आणि खाली काही नाही. मी स्वतः ड्रिल मारून दोन भोकं पाडली. शेगडी पेटवून दार लावून झोपायचा, ऊब घ्यायचा विचारही करू नका.

थंडीत आणि पावसात आतून पाणी सुटतं. तीन माणसांचा श्वास रात्रभर एवढ्याशा जागेत, भिंतीत पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला असला तरी जिथं लोखंडी पाइप आतल्या पत्र्याला टेकलाय त्या रेघेवर सकाळी थेंब उभे असतात, ओळंब्यानं आखल्यासारखे सरळ. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की कमी होतं. गुहागरला जाऊन आलो तर खारट हवेनं जॅकच्या ब्रॅकेटला महिन्यात तांबेरा चढला. संडास नाही. बादली, पडदा आणि विनंती. ठोसेघरला एका हॉटेलवाल्यानं आवारात गाडी लावून त्यांचं संडास-न्हाणीघर वापरायला तीनशे रुपये घेतले, ते मला सगळ्यात योग्य वाटतं. कासला फुलांच्या दिवसांत वाहनं ठरलेल्या पार्किंगलाच थांबतात, पठाराच्या कडेला घर थाटायच्या भानगडीत पडू नये. वनखात्याच्या हद्दीतही नाही.

केबिनमध्ये तिघेच बसतात, हा दोष सगळ्यात शेवटी कळला आणि सगळ्यात जास्त टोचला. चालत्या गाडीत मागं माणूस बसवायचा नाही. मालवाहू गाडी आहे ती, पेटीत गादी असली म्हणून प्रवासी गाडी होत नाही. मी, बायको, मुलगी, झालं. आई राहिली. तिचं वय ७७. ती म्हणाली, "मला ७५ च्या पुढं एसटी फुकट आहे, तुम्ही या तुमच्या पेटीतनं." आम्ही पट्टे आवळत, चहा पीत सातारा स्टँडवर पोचलो तर ती तासभर आधी येऊन, शेंगा खाऊन, शेजारच्या बाईची सोयरीक जुळवत बसलेली. सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत तिला पुढं बसवलं आणि मुलीला मामाच्या दुचाकीवर. दरवर्षी हे असंच करावं लागणार. घरात चौथं माणूस असेल तर एकेरी केबिनवर पेटी करू नका. दुहेरी केबिनला हौदा लहान, वजनाची मर्यादा वेगळी. यातून मधला रस्ता मला तरी दिसलेला नाही.

कायद्याचं मी वकील म्हणून सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, त्यात गाडीच्या नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे. माझी पेटी चासीला वेल्ड केलेली नाही, बोल्टही नाही, पट्ट्यांनी बांधलेला उतरवता येणारा माल आहे, हौद्याच्या बाहेर येत नाही, फाळका लागतो, दिवे-नंबर झाकत नाही. ही माझी बाजू. कराडजवळ एकदा हवालदारांनी थांबवलं, "आत कोण आहे?" म्हणून दार उघडायला लावलं, गादी बघितली, पंखा लावून बघितला, "गावाकडं बागेत राखणीला बरी आहे" म्हणाले आणि सोडलं. पण दुसऱ्या ठिकाणी दुसरा माणूस दुसरं म्हणू शकतो. करून घ्यायच्या आधी आपापल्या आरटीओत, एमएच १० असो, ११ असो वा ५०, फोटो घेऊन जाऊन विचारा. माझा गाडीचा विमा गाडीचाच आहे, पेटीचा नाही, हेही लक्षात ठेवून मी घाटात चालवतो.

पैशाचा हिशेब बायकोनं काढला, मी काढला नसता. सगळं मिळून तीन लाख बासष्ट हजार. दोन पावसाळ्यांत बाहेर मुक्काम बावीस रात्री. म्हणजे एक रात्र पडली साडेसोळा हजारांना. "महाबळेश्वरला राजासारखे राहिलो असतो," ती म्हणाली. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, ते हवालदारांनी देऊन ठेवलं होतं.

कारण ऑक्टोबर आला, गाडी कामाला लागली आणि पेटी शेडपुढं कोब्यावर उतरली. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं आठवड्यातले काही दिवस रात्रीची. पूर्वी रात्री बारा वाजता घरातून उठून, बॅटरी घेऊन, चिखल तुडवत मोटार चालू करायला तीन किलोमीटर यायचं. आता पेटीतच झोपतो, लाईट आली की उठून बटण दाबतो, परत आडवा. डिसेंबरच्या ढगाळ हवेत द्राक्षावर डाऊनी रोगाची भीती असते, पहाटे औषध मारायचं तर इथूनच उठतो. जानेवारीनंतर बेदाणा शेडची राखण, व्यापारी आले तर त्यांना बसवायला जागा, हिशेबाच्या वह्या ओट्यावर, मजूर बायकांच्या तान्ह्या पोरांना दुपारी पंख्याखाली गादी. दोन हंगामांत माझ्या मोजणीनं एकशे चाळीस रात्री मी तिथं झोपलोय. हे धरून हिशेब केला तर एक रात्र सव्वादोन हजारांवर येते. बायको म्हणते, बागेत राखणीला झोपायला पत्र्याची खोली साठ हजारांत झाली असती. खरं आहे, झाली असती. पण पत्र्याच्या खोलीला एप्रिलमध्ये आतून हात लावून बघा, आणि ती जुलैत चाळकेवाडीला येत नाही.

म्हणून मला कुणी विचारलं तर आधी मी उलटं विचारतो, पिकअप तुमच्याकडं पोटासाठी आहे का? असेल, वर्षातले काही महिने हौदा रिकामा राहत असेल, घरापुढं पक्का कोबा असेल आणि हाताशी दुसरं माणूस असेल, तर करा. नुसती हौस म्हणून पिकअप घेऊन वर पेटी बसवणार असाल तर ती तुम्ही एकदा बसवाल आणि परत कधीच उतरवणार नाही. मग उतरवायच्या सोयीसाठी वाढवलेलं वजन, अरुंद तळ, केबिनमधून आत जायला वाट नाही हे सगळं कशासाठी सोसायचं? पाऊस पडत असताना लघवीला म्हणून नव्हे, नुसतं केबिनमधून पलंगावर जायलाही भिजावं लागतं, हे सोसायला काहीतरी कारण पाहिजे.

परत करून घेतली तर सांगाडा ॲल्युमिनियमचा घेईन, लाख-सव्वालाख जास्त गेले तरी. दार मागं न ठेवता डाव्या बाजूला, म्हणजे मागचा ओटा मोठा होतो आणि रस्त्याकडेला उतरताना पाय वाहनांच्या बाजूला पडत नाही. झरोक्याला सिलिकॉन न लावता पीयू सीलंट, कारण सिलिकॉन पहिल्याच पावसात सुटलं आणि थेंब बरोबर माझ्या बाजूला पडत होता. पलंगाखालचा खण बाहेरून उघडेल असा.

सध्या पेटी खाली आहे. छाटणी चालू आहे, गाडीला वेळ नाही. डाव्या मागच्या पायाची नळी बदलून घ्यायची आहे म्हणून मिस्त्रींना फोन केला होता. "मालक, सोमवारी येतो," म्हणाले. त्या पायाखाली तोवर दोन घोडे लावून ठेवले आहेत, आज तिसरा सोमवार.